शोभेच्या बागेत भाजीपाला लावताना

कामशेतहून पवनानगर आणि तेथून तिकोणा पेठेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता भातखाचरांच्या जोडीने शेतघरे आणि बंगले दिसतात. तारेच्या कुंपणाआड हिरवळ, क्रोटन, बुटके पाम आणि सिल्व्हर ओकची रांग हा त्यांचा ठरलेला थाट. या बागा राखणारे बहुतेक आपल्याच गावांतले शेतकरी आणि त्यांची मुले आहेत. स्वतःच्या घरापुढेही अनेकांनी जास्वंद, मोगरा, शेवंती, गुलाब हौसेने लावले आहेत. बंगल्याचे मालक असोत वा गावातील गृहिणी, दोघांकडून एक प्रश्न नेहमी येतो. या फुलझाडांच्या मधल्या जागेत थोडी भाजी घेता येईल काय?

घेता येईल आणि चांगली घेता येईल. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ एकत्र वाढत. कुंपणावर घेवडा किंवा दोडका चढे आणि त्याच्या पायाशी झेंडू व तुळस असे. शोभेचे झाड कोणते आणि खाण्याचे कोणते, अशी वाटणी परसात नव्हती. पुढे शोभेची बाग आणि मागे भाजीचा वाफा ही विभागणी बंगल्यांबरोबर आली. तिकडे फ्रान्समध्ये व्हिलँद्री येथील वाड्याच्या बागेत कोबी, बीट, भोपळा यांचे भूमितीच्या आकृतीत वाफे करून त्यांभोवती बुटकी हिरवी कुंपणे राखलेली आहेत आणि ती बाग पाहायला दूरदूरचे लोक जातात. तेव्हा भाजीने बागेची शोभा जाते, ही समजूत सोडून द्यावी.

मात्र एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. शोभेच्या झाडाला जे चालते ते भाजीला चालतेच असे नाही. सावलीत क्रोटन तग धरतो, वांगे धरत नाही. गुलाबावर मारलेले औषध गुलाब कोणी खात नाही म्हणून खपून जाते. त्याच वाफ्यात टोमॅटो लावला की तो सारा वाफा खाण्याचा झाला. ऊन, निचरा आणि औषध या तिन्ही बाबतींत मग भाजीचा नियम पाळावा लागतो, फुलझाडाचा नव्हे.

जागा डिसेंबरच्या उन्हावरून ठरवा

बागेची आखणी बहुधा उन्हाळ्यात होते. मे महिन्यात भर दुपारी बागेत उभे राहिले तर सगळीकडे ऊनच ऊन दिसते, कारण आपल्या भागात मेच्या मध्यास सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो आणि झाडांची सावली त्यांच्या बुडाशीच पडते. पण मावळात भाजीचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आहे. त्या काळात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास ऐन दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो. म्हणजे २० फूट उंचीच्या झाडाची सावली उत्तरेकडे १८ फूट लांब पडते, ४० फुटी सिल्व्हर ओकची ३६ फूट. सकाळी नऊला ती याहून कितीतरी लांब असते.

यावरून सरळ निष्कर्ष निघतो. उंच झाडांच्या रांगेच्या, भिंतीच्या किंवा दाट कुंपणाच्या दक्षिणेला भाजी लावावी, उत्तरेला लावू नये. मे महिन्यात आखलेला आणि हिवाळ्यात फळ न धरणारा टोमॅटोचा वाफा पाहिला की बियाणे बदलण्याआधी सावली मोजावी. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि वेलभाज्या यांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना यांना चार तासही पुरतात. अळू, आले आणि हळद आंब्याच्या किंवा चिकूच्या विरळ सावलीत चालतात, आणि हळदीचे रुंद पान शोभेच्या कोणत्याही पानाइतके देखणे असते. डोंगराच्या कुशीतल्या घरांना सकाळ उशिरा होते किंवा संध्याकाळ लवकर येते, तेवढा वेळ हिशेबातून वजा करावा.

पावसाळा मांडवाचा, हिवाळा वाफ्याचा

लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला तळेगावकडे येताना तो झपाट्याने कमी होतो. पवनेच्या खोऱ्यातील गावांना जुलै-ऑगस्टमध्ये सलग पावसाचे दिवस सोसावे लागतात. हिरवळ आणि पाम हा पाऊस सोसतात. सपाट वाफ्यातील मेथी, कोथिंबीर मात्र आठ दिवसांत कुजते आणि मिरचीला मर लागते. म्हणून पावसाळ्यात जमिनीवरची भाजी कमी आणि मांडवावरची जास्त, असे धोरण ठेवावे.

बंगल्याच्या दारात जी कमान किंवा लाकडी मांडव असतो, तो बोगनवेलीसाठीच राखला पाहिजे असे नाही. त्यावर दोडका, कारली, काकडी किंवा दुधी चढवावा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे दोडक्याचे फुले सुचेता, कारल्याचे हिरकणी व फुले ग्रीन गोल्ड आणि काकडीचे हिमांगी हे वाण यासाठी घ्यावेत. पहिल्या पावसाआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, पिशव्यांत रोपे तयार करून जूनमध्ये लावली म्हणजे धुवाधार पाऊस सुरू होईपर्यंत वेल मांडवापर्यंत पोहोचतो. लालसर देठाचा मयाळू तर शोभेचा वेल म्हणूनच लावावा. जाळीवर तो दाट पसरतो, भजी आणि भाजी दोन्हींना उपयोगी पडतो आणि पावसाला दाद देत नाही.

जमिनीवर काही घ्यायचेच असेल तर ८ ते ९ इंच उंचीचा गादीवाफा करावा, त्याच्या कडा दगडांनी बांधाव्यात आणि पाणी बाहेर काढणारा चर मोकळा ठेवावा. बंगल्यांच्या आवारात आणखी एक अडचण असते. जागा मुरूम टाकून सपाट केलेली असते आणि वर चार-सहा इंच लाल माती पसरलेली असते. हिरवळीला तेवढी पुरते, भाजीला नाही. कुदळीने दीड फूट खोल खणून पाहावे. खाली विटांचे तुकडे, सिमेंट, चुना लागला तर तो काढून टाकावा, कारण चुन्याने माती विम्ल होते आणि लोहाच्या कमतरतेने कोवळी पाने पिवळी पडतात. चौरस मीटरला चार ते पाच किलो, म्हणजे साधारण अर्धे घमेले, चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. एवढ्या पावसात अन्नद्रव्ये धुपून जातात, म्हणून वरखत एकदम न देता थोडेथोडे तीन-चार वेळा द्यावे.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस उघडला की वाफ्यांचा हंगाम सुरू होतो. या वेळी शोभेचा विचार खुशाल करावा. पायवाटेच्या कडेला तांबड्या माठाची दाट पट्टी, तिच्यामागे हिरवा पालक, मध्ये कोबी व फ्लॉवर आणि कोपऱ्यात झेंडू, अशी रचना हंगामी फुलझाडांच्या तोडीची दिसते. गवती चहा आणि ओवा कायम कडेला ठेवता येतात. पुदिना मात्र कुंडीतच लावावा, मोकळा सोडला तर हिरवळीतही शिरतो. भात झोडपल्यावर उरलेला पेंढा आच्छादनाला उत्तम आहे, पण तो पावसाळ्यात पसरू नये. त्याच्याखाली गोगलगायींना आयता निवारा मिळतो. त्यांच्यासाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला टाकावीत आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या सोप्या वाटतात, परंतु घरात कुत्रे किंवा लहान मूल असेल तेथे त्या नकोतच.

शेजार पाहून लावा

भेंडी आणि जास्वंद ही एकाच कुळातील झाडे आहेत, हे फुलांवरूनही ओळखता येते. त्यांचे शत्रूही सारखेच. जास्वंदीच्या शेंड्यावर पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसू लागला की शेजारच्या भेंडीवर तो पोहोचायला वेळ लागत नाही. पांढरी माशी तर भेंडीवर केवडा, म्हणजे पिवळ्या शिरांचा विषाणुजन्य रोग, आणून सोडते. म्हणून भेंडी जास्वंदीपासून दूर, बागेच्या दुसऱ्या टोकाला घ्यावी आणि फुले विमुक्तासारखा वाण निवडावा. तसेच टोमॅटो, मिरची, वांगी आणि शोभेचा पेटुनिया हे एका कुळातील. पेटुनियाच्या वाफ्यात लगेच टोमॅटो लावू नये. आणखी एक बारीकशी गोष्ट. तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटो-मिरचीची रोपे हाताळली तर तंबाखूवरील विषाणू रोपांवर जातो. बागेत काम करणाऱ्यांनी साबणाने हात धुवूनच रोपांना हात लावावा. हे सांगितले की लोक हसतात, पण ते खरे आहे.

झेंडूचा शेजार मात्र हवासा. टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या फुलांवर अंडी घालणे पसंत करतो. शेतात टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ घेतात. त्यासाठी टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे आणि झेंडूचे ४५ दिवसांचे असताना लावतात, म्हणजे दोन्हींना फुले एकाच वेळी येतात. घरच्या वाफ्यात दोन्ही टोकांना चार-चार झेंडू पुरेत. फुले आणि कळ्यांमधील अळ्या वेचण्याचे काम मात्र रोज करावे लागते, ते टाळले तर झेंडूचा उपयोग अर्धाही होत नाही.

मेंदी, ड्युरांटा अशा कुंपणाच्या मुळ्या शेजारच्या वाफ्यातले खत-पाणी ओढून घेतात. कुंपण आणि वाफा यांत निदान दोन फूट अंतर ठेवावे, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर मध्ये फावड्याने एक खोल काप द्यावा.

औषधाचा प्रश्न

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. शोभेच्या बागेत औषध वापरताना काढणीचा विचार कोणी करत नाही, कारण तेथे काढणीच नसते. गुलाबावर भुरी, काळे ठिपके, फुलकिडे आणि कोळी यांसाठी महिन्यातून दोन-तीनदा पंप चालतो. काही जण इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध बुडाशी ओततात. ते मुळांवाटे झाडाच्या पाना-फुलांत चढते आणि तेथे बरेच दिवस राहते. जवळच टोमॅटो असेल तर त्याची मुळेही त्याच मातीत आहेत. टोमॅटो धुतल्याने वरचे औषध थोडेफार जाते, आत चढलेले जात नाही. शनिवार-रविवारी आलेले पाहुण्यांचे मूल झाडावरचे लाल टोमॅटो तोडून तेथेच खाते. गुरुवारी काय फवारले होते, ते त्याला कोण सांगणार?

म्हणून माझे स्पष्ट मत असे की गुलाब आणि भाजी एका वाफ्यात नकोत. गुलाबाची जागा निराळी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि भाजीपासून निदान दहा-पंधरा फुटांवर असावी. मोगरा, अनंत, अबोली, झेंडू, शेवंती यांच्याशी भाजीचे जमते, कारण त्यांना फवारणी न करताही चालवता येते. गुलाब भाजीजवळच ठेवायचा असेल, तर त्याच्यावरही भाजीवर चालणारी औषधेच वापरायची, एवढी शिस्त पाळावी लागेल.

काही औषधे तर घरात असूच नयेत. फोरेटचे दाणे बागेच्या मातीत घालण्याची सवय अनेक ठिकाणी होती. फोरेटच्या विक्रीवर व वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासूनच मनाई आहे, आणि पुढे २०२३ मध्ये त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला. माळ्यावर किंवा गोठ्यात एखादी जुनी पुडी, बाटली पडली असेल तर ती ‘फुलझाडांना चालेल’ म्हणून संपवू नये. दुकानातून औषध घेताना डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी हिरवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेबलवर आपल्या भाजीचे नाव आणि फवारणी व काढणी यांमधील दिवस लिहिले आहेत काय, हे वाचावे. नाव नसेल तर ते औषध त्या भाजीसाठी नाही.

हिरवळीतील रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी वापरले जाते. टोमॅटो आणि भेंडी या तणनाशकाला फार नाजूक आहेत. वाऱ्याने उडालेल्या तुषारांनीही पाने दोरीसारखी पिळवटतात आणि लोकांना तो विषाणूजन्य रोग वाटतो. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा. नुसता धुऊन तो पुन्हा भाजीवर वापरू नये. अशा हिरवळीचे कापलेले गवत भाजीच्या आच्छादनालाही घेऊ नये.

घरच्या भाजीला पाच टक्के निंबोळी अर्कावर पुष्कळसे निभते. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून दहा लिटर पाणी करावे, चमचाभर साबणाचा चुरा घालावा आणि संध्याकाळी फवारावे. घाटमाथ्याकडे कडुनिंब विरळ आहे, तेव्हा देशावरच्या पाहुण्यांना जूनमध्ये निंबोळ्या आणायला सांगून ठेवावे. फुलांवर आलेल्या वेलांवर सकाळी काहीच फवारू नये. भोपळावर्गीय वेलांना फळ धरण्यासाठी मधमाश्या लागतात. त्या मेल्या तर फुले येत राहतात आणि कोवळी फळे पिवळी पडून गळतात.

ज्या वाफ्यात पूर्वी दाणेदार किंवा मातीत ओतायची कीटकनाशके वापरली आहेत, तेथे लगेच भाजी घेऊ नये. एक हंगाम झेंडू किंवा ताग घेऊन मग भाजीकडे वळावे.

पानांत गफलत नको

वडीचे अळू आणि शोभेची अळवासारखी पाने एकाच वाफ्यात असली की पावसाळ्यात दाटी होऊन चूक होण्याचा संभव असतो. या सर्वच कुळात सुईसारखे स्फटिक असतात. खाण्याचे अळू आपण चिंच घालून शिजवतो. डिफेनबेकियाचे पान चावले तर मात्र जीभ-घसा सुजून बोलणेही कठीण होते. डिफेनबेकिया, कॅलॅडियम ही व्हरांड्यातील कुंडीतच ठेवावीत. कण्हेर आणि बिट्टी या दोहोंचे सर्व भाग विषारी आहेत. त्यांच्या काड्या घेवड्याच्या आधारालाही वापरू नयेत. बंगल्यांच्या कुंपणाबाहेर टाकलेली कण्हेरीची छाटणी गाई-शेळ्यांनी खाल्ली तर ती जनावरे दगावतात. वाळलेल्या पानांतही विष टिकते, त्यामुळे ही छाटणी पुरून टाकावी.

पाणी आणि तोडणी

उन्हाळ्यात हिरवळीला रोज साधारण पाच ते सहा मिलिमीटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर, म्हणजे दिवसाला ५०० ते ६०० लिटर. दहा चौरस मीटर भाजीला ५०-६० लिटर, म्हणजे चार बादल्या पुरतात, आणि स्वयंपाकघरातील भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी वळवले तर त्याहून कमी. बंगल्याच्या मालकांना हिरवळीचा एक कोपरा भाजीला द्यायला सांगताना हाच हिशेब मांडावा.

शेवटी एक अडचण, जी शेतघरांच्या बागेतच येते. मालक शनिवारी येतात. सोमवारी कोवळी असलेली भेंडी शनिवारी निबर होते, काकडी पिवळी पडते, आणि जून फळे झाडावर राहिली की नवीन फुले येणे कमी होते. भेंडी, काकडी, गवार यांची तोडणी एक-दोन दिवसाआड झालीच पाहिजे. जेथे आठवड्यातून एकदाच तोडणी होणार असेल तेथे मिरची, कोबी, लाल भोपळा, शेवगा, हळद, आले, सुरण, रताळी अशी थांबणारी पिके घ्यावीत. जेथे रोज राबणारा माणूस आहे, तेथे सोमवार ते शुक्रवारची तोड त्याच्या घरची आणि शनिवार-रविवारची मालकाची, असे लागवडीपूर्वीच बोलून घ्यावे, आणि फवारणीची तारीख व औषधाचे नाव लिहिलेली वही दोघांनाही दिसेल अशी पंपाच्या खोलीत टांगून ठेवावी.